अकरा महिने झाकून राहणारा जनरेटर: पेट्रोल, डिझेल की गॅस?

प्रश्न: आई-बाबा दापोली तालुक्यात, समुद्राजवळच्या गावात राहतात. मी पुण्यात असते. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर त्यांच्या घरी तीन आठवडे वीज नव्हती, आणि पुढच्याच वर्षी तौक्ते आलं तेव्हा पुन्हा काही दिवस गेले. एरवीही पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. बाबा ७१ वर्षांचे आहेत. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. विहिरीवर एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आहे आणि घरात १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर. जनरेटर घ्यायचा ठरलं आहे. दुकानदार म्हणतो, डिझेलचा घ्या, खर्च निम्मा. शेजारचे काका म्हणतात, पेट्रोलच्या मशीनला किट बसवा, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर चालेल. भावाला चिपळूणला वापरलेला पेट्रोल जनरेटर स्वस्तात मिळतो आहे. रॉकेलवर चालणाराही एकाने सुचवला. कोणतं इंधन योग्य?

उत्तर: ताई, तुम्हाला चौघांनी चार इंधनं सांगितली, आणि प्रत्येकाच्या मनात युनिटचा भाव किंवा मशीनची किंमत आहे. तुमच्या घरी हा जनरेटर वर्षातून फार तर पंधरा-वीस दिवस चालणार आणि उरलेला काळ खाऱ्या, दमट हवेत झाकून पडणार. त्यामुळे भावाआधी हे बघायला हवं की पडून राहिल्यावर कोणतं इंधन खराब होत नाही, आणि रस्ते बंद असताना एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या हाताने कोणतं मशीन चालू होईल. तसं पाहिलं तर तुमच्यासाठी आमचं उत्तर आहे: कारखान्यातूनच गॅस आणि पेट्रोल अशा दोन्ही इंधनांसाठी बनून आलेला, सेल्फ स्टार्टचा, ३ ते ३.५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर. नेहमी गॅसवरच चालवायचा, पेट्रोल फक्त हाताशी राखीव ठेवायचं.

आधी घराची गरज मांडू, म्हणजे इंधनाचे आकडे हवेत राहणार नाहीत. जनरेटर दिवसभर चालवायची गरज नाही. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास पुरतात. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण ११०० वॉट घेते. अर्धा तास चालवून टाकी भरली की अर्ध्या युनिटच्या किंचित वर. फ्रिज चार तासांत अर्धं युनिट घेईल. इन्व्हर्टर बॅटरी भरताना अडीचशे ते तीनशे वॉट ओढतो, म्हणजे चार तासांत एक युनिट, आणि रात्रीचे दिवे-पंखे त्याच बॅटरीवर निघतात. मोबाइल, मिक्सर, वरखर्च धरून दिवसाची गरज अडीच-पावणेतीन युनिटांच्या आसपास येते.

एवढ्या हलक्या लोडवर इंधन किती लागेल? पेट्रोल दिवसाला दोन लिटर, डिझेल सव्वा ते दीड लिटर, गॅस सुमारे दीड किलो. हे अंदाज आहेत, मशीनप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील.

आता दुकानदाराचं म्हणणं तपासून पाहा. युनिटमागे डिझेल स्वस्त पडतं हे खरं आहे. पण पेट्रोल शंभरीच्या पुढे आणि डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं, तर वर्षातल्या पंधरा दिवसांत वाचणारी रक्कम हजार ते दीड हजार रुपये होते. तेवढ्यासाठी मशीनची किंमत कितीतरी जास्त मोजायची, आणि हातात येणार सत्तर-ऐंशी किलोंचं धूड. ते बाबा एकटे मागीलदारी ढकलत नेऊ शकणार नाहीत. त्याहून मोठी अडचण लोडची आहे. डिझेल इंजिनाला निम्म्याहून जास्त लोड सतत हवा असतो. तुमची मोटर अर्ध्या तासात बंद होणार आणि नंतर जेमतेम पाचशे वॉटवर इंजिन फिरत राहणार. सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काळा चिकट थर साचतो, डिझेल फवारणारं नोझल धरतं. शिवाय टाकी अर्धी रिकामी ठेवली की दमट हवेतलं पाणी आत तळाशी जमतं, तिथे बुरशीसारखी घाण वाढते आणि फिल्टर चोंदतो. डिझेल हे रोज राबणाऱ्याचं इंधन आहे. उद्या तुम्ही घरी पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या आणि रोज तीन-चार तास दोन-तीन किलोवॉटचा लोड आला, तर डिझेलचा विचार जरूर करा. आत्ता नको.

रॉकेलचा पर्याय सोडून द्या. ते मशीन पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर रॉकेलवर वळवायचं असतं, आणि बंद करण्याआधी पुन्हा पाच मिनिटं पेट्रोलवर आणायचं. एकदा विसरलं की दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंधन हवेत मिसळणाऱ्या भागात, रॉकेल आणि प्लगवर काजळी, दोरी ओढून ओढून हात भरून येतील. म्हणजे इंधनं दोन सांभाळायची आणि फायदा काही नाही. रेशनचं निळं रॉकेल यासाठी वापरता येत नाही, आणि खुल्या बाजारातलं स्वस्त नाही.

आता पेट्रोल. मशीन हलकं, स्वस्त, आणि दुचाकी दुरुस्त करणारा कुठलाही मेकॅनिक त्याला हात लावू शकतो. ही शेवटची बाब गावात फार मोलाची आहे, म्हणून पेट्रोल आम्ही पूर्ण बाद करत नाही. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हे लवकर घडतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाला नेमकं तळातलंच आधी मिळतं. दुसरीकडे कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं चमचाभर पेट्रोल दोन-तीन महिन्यांत उडून जातं आणि मागे वार्निशसारखा थर ठेवतं. इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते बंद झालं की मशीन चोकवर कसंबसं भुरभुरतं आणि चोक काढला की बंद पडतं. न वापरलेल्या पेट्रोल जनरेटरचा बहुतेक वेळा हाच दोष निघतो, आणि तो कळतो तो वादळाच्या दुसऱ्या दिवशी.

पेट्रोलच्या साठ्यालाही मर्यादा आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पंपावरही सहसा देत नाहीत, आणि देऊ नये तेच बरोबर. दिवसाला दोन लिटरच्या हिशेबाने ३० लिटर पंधरा दिवस पुरतील. पण ते वर्षभर घरात ठेवायचं म्हटलं तर दर दोन महिन्यांनी संपवून ताजं भरावं लागेल. एवढं पेट्रोल दोन माणसांच्या घरात बदलत राहणं होत नाही.

गॅसचं तसं नाही. सिलिंडरमधला एलपीजी पाच वर्षांनीही तसाच असतो. तो कार्बोरेटरमध्ये थर ठेवत नाही, प्लग स्वच्छ राहतो, ऑइल लवकर काळं पडत नाही. आठ महिन्यांनी कव्हर काढलं तरी मशीन सुरू होण्याची खात्री सर्वांत जास्त गॅसवरच असते. दिवसाला दीड किलो म्हणजे १९ किलोंचा एक सिलिंडर बारा दिवस जातो. दोन असले तर निसर्गनंतरचे तीन आठवडे रस्त्याची वाट न बघता निघाले असते. किंमत व्यावसायिक दराची मोजावी लागते, तरी रोजचा खर्च साधारणपणे पेट्रोलपेक्षा कमीच येतो. उणी बाजू अशी की गॅसवर ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि भरलेला सिलिंडर चाळीस किलोंच्या घरात जातो. बाबांना तो हलवायला लागू नये, म्हणून जनरेटरच्या जागेजवळच त्याचा कायमचा चौथरा करा. ५ किलोंचा छोटा सिलिंडरही ओळखपत्र दाखवून विकत मिळतो. तो तीन दिवस पुरतो आणि उचलायला सोपा असतो. असा एक तरी घरात असावा.

काकांची सूचना मात्र कृपा करून मानू नका. घरगुती १४.२ किलोंचा सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो, जनरेटरला लावणं नियमात बसत नाही. त्याहून गंभीर आहे ते किट. गावोगावी मिळणाऱ्या अशा जोडणीत हवेच्या नळीला भोक पाडून स्वयंपाकघरातला रेग्युलेटर थेट जोडतात. शेगडीच्या रेग्युलेटरला इंजिन चालू आहे की बंद, ते कळत नाही. इंजिन अचानक बंद पडलं तरी गॅस वाहत राहतो. कारखान्यातून आलेल्या मशीनमध्ये मागणीनुसार उघडणारा रेग्युलेटर असतो. इंजिनाने हवा खेचली तरच तो गॅस सोडतो आणि इंजिन थांबलं की आपोआप मिटतो. पैसे त्या एका भागासाठी मोजायचे.

विकत घेताना मशीनवरचा मोठ्या अक्षरांतला आकडा पाहू नका, तो बहुधा काही क्षणांपुरत्या कमाल ताकदीचा असतो. विचारायचं ते असं: गॅसवर सतत किती वॉट मिळतील? तुम्हाला किमान २२०० हवेत. मोटर सुरू होताना चालू करंटच्या तिपटीहून जास्त झटका मारते, आणि विहिरीतला सबमर्सिबल पंप असेल तर आणखी थोडा. म्हणून २ केव्हीएचं हलकं मशीन तुमच्याकडे मोटर उचलणार नाही. पैसे देण्याआधी तुमच्याच मोटरवर, गॅस लावून, चालवून दाखवायची अट घाला. सर्व्हिसची सोय दापोली, खेड किंवा चिपळूणपर्यंत आहे का आणि गॅसचा रेग्युलेटर सुटा मिळतो का, हे लेखी घ्या. दोन्हीची उत्तरं नकारार्थी असतील तर आमचा सल्ला बदलतो: मग साधा पेट्रोलचाच घ्या आणि खाली सांगितलेली शिस्त कसोशीने पाळा. दुरुस्त न होणाऱ्या चांगल्या मशीनपेक्षा गावात दुरुस्त होणारं साधं मशीन बरं.

गॅसवर सुरू करण्याचा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनजवळ टांगा. ऑइल काडीवर बघा. पेट्रोलचा कॉक बंद असल्याची खात्री करा. कुठलाही लोड चालू नको. सिलिंडरचा रेग्युलेटर उघडा, मशीनच्या रेग्युलेटरवर दाबायचं बटण असेल तर दोन-तीन सेकंद दाबा, म्हणजे नळीतली हवा जाऊन गॅस पुढे येतो. चोक लावा, सेल्फ मारा, इंजिनाने पकडलं की चोक हळूहळू काढा. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या. मग आधी एकटी मोटर लावा, इतर काहीही नको. टाकी भरून मोटर बंद झाली की फ्रिज, आणि शेवटी इन्व्हर्टर. बंद करताना उलटा क्रम: लोड काढा, दोन मिनिटं थंड होऊ द्या, सिलिंडर बंद करा आणि नळीतला गॅस संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत थांबा. स्विच त्यानंतर.

इन्व्हर्टर जनरेटरवर बॅटरी भरत नसेल तर घाबरू नका. त्याच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असं बटण असतं. यूपीएसवर असताना तो जनरेटरचा हलता व्होल्टेज नाकारतो. नॉर्मलवर टाका.

सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये घुसतो. एजन्सीला सांगताना साधा, वायू देणारा सिलिंडर मागा, काही मोठ्या वापरासाठी द्रव गॅस काढायचे सिलिंडरही असतात, ते इथे चालत नाहीत. नळी तारेची जाळी असलेली, दीड मीटरपर्यंतची, आणि सिलिंडर सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. प्रत्येक जोडणीनंतर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरून साचतो, म्हणून चौथरा विहिरीच्या कठड्याशी, न्हाणीघराच्या मोरीजवळ किंवा कुठल्याही खड्ड्यालगत नको.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. गॅस स्वच्छ जळतो म्हणून त्याचा धूर निरुपद्रवी असतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. पेट्रोल असो की गॅस, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. त्यामुळे पडवीत, ओटीवर, गोठ्यात, जिन्याखाली जनरेटर चालवायचा नाही, पाऊस कितीही असो. घरापासून किमान सहा मीटर दूर, चारही बाजू उघड्या आणि वर पत्रा अशी जागा करा, जमिनीपासून फूटभर उंच. तुमच्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा घराच्या ईशान्य अंगाला, सायलेन्सर घरापासून उलट्या दिशेला, ही जागा बरी. झोपायच्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. वादळ प्रत्यक्ष चालू असताना मशीनला हात लावायचा नाही. त्या रात्री इन्व्हर्टर पुरतो.

घराला जोडताना परवानाधारक वायरमनकडून डबल पोलचा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी लाइनवर किंवा जनरेटरवर यांपैकी एकावरच ठेवणारा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर प्लगमध्ये खुपसून घर चालू करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने वीज उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मर तिला पुन्हा हजारो व्होल्टची करतो, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाचा जीव जातो. तुमच्यासाठीच तो त्या पावसात चढलेला असतो.

राखीव पेट्रोल पाच लिटर पुरे. धातूच्या डब्यात, तारीख लिहून, दर दोन महिन्यांनी बाबांच्या स्कूटरमध्ये ओतायचं आणि डबा ताजा भरून ठेवायचा. जनरेटरच्या टाकीत पेट्रोल ठेवायचंच नाही. कधी पेट्रोलवर चालवलाच, तर शेवटी कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढायचे. दर महिन्याला एकदा वीस मिनिटं, मोटर लावून, मशीन चालवायचं. याने सेल्फची छोटी बॅटरीही भरलेली राहते. नाहीतर आयत्या वेळी दोरी ओढावी लागते, आणि २०० सीसीच्या वरच्या इंजिनाची दोरी बाबांनी ओढू नये. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑइल, प्लग, नळी आणि दोन्ही सिलिंडर तपासून ठेवा.

आईच्या इन्सुलिनबद्दल: फ्रिज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालला आणि मधे उघडला नाही, तर गारवा बऱ्यापैकी टिकतो. फ्रीझरमध्ये पाण्याच्या चार-पाच बाटल्या गोठवून ठेवा, वीज गेली की त्या खालच्या कप्प्यात उतरवा. इन्सुलिन त्यांना चिकटून नको, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. आत एक थर्मामीटर ठेवा, काटा २ ते ८ अंशांत राहायला हवा. तो सतत वर जाऊ लागला तर दुपारीही एक तास चालवा, अर्धा किलो गॅसही जाणार नाही.

राहिला भावाचा चिपळूणचा जनरेटर. केवळ स्वस्त म्हणून घेऊ नका, पण बघून येऊ द्या. आधी फोन करून मालकाला मशीन थंड ठेवायला सांगा, गरम मशीन कसंही सुरू होतं. कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून काय पडतं ते बघा. पिवळट, आंबूस वासाचं पेट्रोल किंवा पांढरी-हिरवी भुकटी निघाली तर आत गंज धरला आहे. इस्त्री आणि आणखी एक हजार वॉटचा हीटर लावून वीस मिनिटं चालवा, मल्टीमीटर २२० ते २४० च्या बाहेर जाता कामा नये. निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. मशीन जुनं असेल तर रबरी नळ्या आणि गॅस्केट २० टक्के इथेनॉल सोसणाऱ्या नसतील, त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरा. आणि सेल्फ स्टार्ट नसेल तर बाकी काहीही न तपासता परत या.